ट्रकच्या रेडिएटरच्या आणि कंडेन्सरच्या वाकलेल्या फिन्स सरळ कशा कराव्यात?

धागाकर्ता

नमस्कार. माझ्या टर्बो डिझेल ट्रकची पुढची बाजू चिखलाने माखली होती. ती धुताना प्रेशर वॉशरचा फवारा मी फार जवळून आणि तिरका धरला. त्यामुळे एसीच्या कंडेन्सरच्या (एसीच्या गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीच्या) खालच्या भागात, दोन तळहात मावतील एवढ्या जागेतील फिन्स, म्हणजे हवेला उष्णता देणारे पातळ पत्रे, पूर्ण आडव्या झाल्या आहेत. जाळीच्या जागी आता तिथे सलग पत्रा लावल्यासारखे दिसते. याशिवाय काही काळापूर्वी इंटरकूलर (टर्बोकडून इंजिनात जाणारी हवा गार करणारी जाळी) काढून बसवताना त्याची कड रेडिएटरला घासली होती, त्यामुळे रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यातही फिन्सची एक लांबट पट्टी चेपलेली आहे. माझ्या गाडीत सर्वांत पुढे कंडेन्सर, त्यामागे इंटरकूलर आणि त्यामागे रेडिएटर अशी रचना आहे.

माल भरून लांब चढ चढताना एसी चालू असेल, तर तापमानाचा काटा पूर्वीपेक्षा वर जातो. इंजिनचा पंखा पूर्वी अधूनमधून जोराने फिरत असे, आता तो बराच वेळ गर्जत राहतो. गाडी उभी असताना केबिनमधली हवाही पुरेशी थंड होत नाही. मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. भिंतीवरच्या एसीसाठी मिळणारा फिन सरळ करण्याचा कंगवा येथे चालेल का? काम जागेवरच करावे की कंडेन्सर खाली उतरवून करावे? आणि दुरुस्ती कुठे थांबवून नवीन भाग बसवण्याचा विचार करावा?

प्रतिसाद १

रेडिएटर दुरुस्ती हेच माझे रोजचे काम असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. कंगव्याच्या प्रश्नाचे उत्तर या जाळीच्या रचनेत आहे.

भिंतीवरच्या एसीमध्ये पुष्कळदा सरळ उभे पत्रे एकाशेजारी एक रचलेले असतात आणि गोल नळ्या त्यांना आरपार छेदून जातात. इंचाला ८ ते १५ फिन्स या मापांचे जे कंगवे मिळतात, ते मुळात अशा लांब, अखंड पत्र्यांसाठी बनवलेले आहेत, कारण तिथे कंगवा वरून खाली सलग ओढता येतो. तुमच्या कंडेन्सरमध्ये मात्र चपट्या नळ्या आडव्या असून दोन नळ्यांच्या मधल्या जागेत नागमोडी दुमडलेली पातळ पट्टी ब्रेझिंगने (कमी तापमानाला वितळणारा धातू मध्ये वितळवून) जोडलेली असते. ही मधली जागा जेमतेम ५ ते १० मिलिमीटर उंच असते. तिच्यात कंगवा ओढायला लागलात, तर दुसऱ्याच क्षणी दात नळीवर आदळतात. म्हणून येथे फिन एकेक करून, किंवा फार तर तीन-चार एकत्र, अशीच उभी करावी लागते. त्यासाठी मी कडा घासून गोल केलेली पातळ चपटी पट्टी, बोथट टोकाचा चिमटा आणि कडक प्लॅस्टिकची पाचर एवढेच वापरतो. पेचकस वापरणाऱ्यांना मी नेहमी अडवतो, कारण त्याचे टोक फिनपेक्षा कितीतरी जाड असते आणि एक फिन उभी करताना ते शेजारची चेपते.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. फिनकडे भिंगातून पाहिले, तर तिच्या पृष्ठभागावर बारीक तिरके काप दिसतील. त्यांना लूव्हर म्हणतात. पत्र्याला चिकटून वाहणारा हवेचा संथ थर या कापांमुळे पुन्हापुन्हा तुटतो आणि ताजी हवा धातूला लागते, म्हणूनच एवढी लहान जाळी एवढी उष्णता बाहेर टाकू शकते. सरळ करताना तुम्ही फिन दोन्ही बाजूंनी दाबून इस्त्री केल्यासारखी सपाट केलीत, तर बाहेरून ती अगदी नीट दिसेल, पण ते झरोके मिटलेले असतील. बहुतेक वेळा फिनची समोरची दोन-तीन मिलिमीटरची कडाच आडवी झालेली असते आणि आतला भाग शाबूत असतो. तेवढी कडा उचलून हवेला वाट करून द्यावी. आत खोलवर अवजार फिरवू नये.

सुरुवात नेहमी चेपलेल्या भागाच्या काठावरून, म्हणजे जिथे फिन अजून उभी आहे तिथून करावी. उभ्या फिनच्या शेजारी पट्टी अलगद सरकवावी आणि पहिल्या आडव्या फिनची कडा तिच्या मुळापासून उचलावी. टोकाला धरून ओढल्यास ती वळते किंवा फाटते. एका हालचालीत ती पूर्ण काटकोनात येण्याचा आग्रह नसावा, पण एकच फिन मागेपुढे चारदा वाकवणेही टाळावे, कारण ॲल्युमिनियम वाकवल्यावर कडक होत जाते आणि मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढ्या पातळ पत्र्याचा अशा वेळी सरळ तुकडाच पडतो.

प्रतिसाद २

मी वाहनांच्या एसीचे काम करतो. वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे, परंतु कंडेन्सरला हात लावण्यापूर्वी एक गोष्ट ठामपणे सांगणे मला आवश्यक वाटते. इंजिन बंद असले, तरी कंडेन्सरमध्ये दाब असतो. आर-१३४ए हा गॅस भरलेला असेल आणि भोवतालचे तापमान ३० अंश सेल्सिअस असेल, तर गाडी नुसती उभी असतानाही नळ्यांमध्ये वातावरणापेक्षा साधारण ६.७ बार जास्त दाब असतो. हा द्रव वातावरणाच्या दाबाला उणे २६ अंशांवर उकळतो, त्यामुळे अवजाराचे टोक घसरून नळीला भोक पडले, तर बाहेर येणारा फवारा त्वचा क्षणात गोठवतो आणि डोळ्याला कायमची इजा करू शकतो. संरक्षक चष्मा आणि हातमोजे घातल्याशिवाय हे काम कोणीही करू नये. अवजार नेहमी नळीला समांतर चालवावे, म्हणजे हात घसरला तरी टोक नळीत घुसत नाही.

काम सुरू करण्यापूर्वी चेपलेल्या भागावर तेलकट, धूळ चिकटलेला डाग आहे का, ते पाहावे. कॉम्प्रेसरचे तेल गॅसबरोबर फिरत असल्याने गळती असते तिथे ते बाहेर येते. असा डाग आढळला, तर फिन सरळ करण्यात वेळ घालवू नये. गॅस योग्य यंत्राने काढून घ्यावा आणि कंडेन्सर बदलावा, कारण एवढ्या दाबाखाली नळीवर लावलेला कोणताही लेप टिकाऊ ठरत नाही.

डाग नसेल, तर कंडेन्सर जागेवर ठेवूनच काम करावे. केवळ फिन्ससाठी गॅस काढून जोड उघडणे मला पटत नाही, कारण त्याबरोबर सील बदलणे, निर्वात करणे आणि गॅस पुन्हा मोजून भरणे ही सगळी कामे मागे लागतात. ज्या गाड्यांत कंडेन्सरसाठी वेगळा विजेचा पंखा असतो, त्यांत बॅटरीचा ऋण अग्र आधी काढून ठेवावा, कारण असे काही पंखे इंजिन बंद असतानाही सुरू होऊ शकतात.

प्रतिसाद ३

पंख्याच्या आवाजाविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून थोडे लिहितो. अनेक ट्रकमध्ये एसीच्या उच्च दाबाच्या बाजूवर एक स्विच किंवा सेन्सर असतो, आणि तिथला दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की इंजिन गरम नसतानाही पंख्याचा क्लच (पंखा इंजिनला जोडणारा-सोडणारा भाग) जोडला जातो. कंडेन्सरमधून पुरेशी हवा गेली नाही, तर गॅसची उष्णता बाहेर पडत नाही, दाब चढतो आणि पंखा गर्जत राहतो. मोठ्या ट्रकचा पंखा पूर्ण वेगाने फिरताना इंजिनची अनेक किलोवॅट शक्ती खातो, त्यामुळे हा प्रश्न आवाजापुरता राहत नाही, डिझेलही जास्त जळते.

म्हणून एक साधी चाचणी करून पाहा. त्याच चढावर, तेवढाच माल असताना, एकदा एसी चालू ठेवून आणि एकदा बंद ठेवून जा. एसी बंद करताच पंखा शांत होत असेल आणि काटाही खाली येत असेल, तर आधी कंडेन्सरकडे लक्ष द्या. एसी बंद करूनही फारसा फरक पडला नाही, तर अडथळा मागच्या थरांत आहे किंवा कूलंट (इंजिन गार ठेवणारा द्रव), थर्मोस्टॅट (त्याचा प्रवाह तापमानानुसार उघडणारी झडप) अथवा क्लच यांपैकी कशात तरी दोष आहे, असे समजून पुढे शोधावे लागेल. तुमच्या वर्णनात दोन तळहातांएवढी जागा चेपली आहे. तेवढ्याने हवा कमी होते हे खरे, पण तुम्ही सांगितलेली सगळी लक्षणे केवळ तेवढ्याने उद्भवतील का, याबद्दल माझ्या मनात शंका आहे.

प्रतिसाद ४

माझी शंकाही तीच आहे, आणि अनुभवाने मी तिचे कारण सांगू शकतो. मी बरीच वर्षे खडीच्या आणि मातीच्या रस्त्यांवर ट्रक चालवतो. कंडेन्सर, इंटरकूलर आणि रेडिएटर एकामागे एक असले की पहिल्या थरातून निसटलेली धूळ, गवताचे तुसे आणि किडे दुसऱ्या थराच्या तोंडाशी अडकतात. तिथे जराशी ओल किंवा तेलाचा अंश मिळाला की त्यांची वाकळीसारखी जाड चादर तयार होते. समोरून पाहणाऱ्याला कंडेन्सर स्वच्छ दिसतो, मागून पाहणाऱ्याला रेडिएटर स्वच्छ दिसतो, आणि मधली चादर कोणालाच दिसत नाही. समोरून प्रेशर वॉशर मारला, तर ही घाण निघत नाही, उलट अधिक आत ठासली जाते. आपल्या बाबतीत फिन्स वाकल्या त्याच दिवशी हेही घडले असावे, असे मला वाटते.

धुण्याची दिशा नेहमी हवेच्या उलट, म्हणजे इंजिनकडून बाहेर अशी असावी. शक्य असेल तर वरचे आणि बाजूचे कंस सैल करून थर एकमेकांपासून चार बोटे दूर करावेत. असे करताना एसीच्या नळ्यांवर ताण येणार नाही, याची काळजी घ्यावी. मग विजेरी मध्ये सोडून पाहावे. इंजिन पूर्ण गार झाल्यावर साध्या नळाच्या दाबाचे पाणी जाळीच्या पृष्ठभागाला काटकोनात सोडावे. तेलकट थर असेल, तर ॲल्युमिनियमला चालणारे सौम्य साबणी द्रावण लावून थोडा वेळ मुरू द्यावे. तीव्र आम्ल किंवा कॉस्टिक असलेली द्रावणे फिन्सना खाऊन टाकतात, ती वापरू नयेत. टायरला हवा भरण्याच्या कॉम्प्रेसरची हवा वापरायची असेल, तर दाब २ बारच्या आसपास ठेवून तोंड लांबूनच धरावे.

आणि हे सर्व फिन्स सरळ करण्याच्या आधी करावे, कारण चिखल भरलेल्या फिन्समध्ये पट्टी घातली की खडीचा एखादा कण पत्रा फाडतो.

धागाकर्ता

आपल्या सर्वांचे मनापासून आभार. काल दिवसभर हेच काम केले. कंडेन्सरवर तेलाचा डाग नव्हता. वरचे कंस सोडवून इंटरकूलर आणि रेडिएटर यांच्यामध्ये उजेड टाकला आणि जे दिसले ते पाहून मला खरोखर वाईट वाटले. रेडिएटरचा खालचा जवळजवळ तिसरा भाग करड्या, नमदा घातल्यासारख्या थराने झाकलेला होता. तो हाताने सोलून काढावा लागला आणि नंतर मागून पाणी सोडल्यावर बराच वेळ गढूळ पाणी येत राहिले. एवढे दिवस मी समोरची बाजू चमकवत होतो आणि श्वास मात्र आतून कोंडला होता.

त्यानंतर कंडेन्सरच्या फिन्स घेतल्या. सांगितल्याप्रमाणे काठावरून सुरुवात केली. पहिल्या तासात जेमतेम बोटभर रुंदीची जागा झाली, पुढे हात बसला. चार-पाच फिन्स तुटल्या. जिथे पाण्याची धार अगदी थेट बसली होती, त्या मधल्या भागात तर फिन्स एकमेकींवर अशा चिकटून दुमडल्या आहेत की त्यांच्यात पट्टीचे टोकही शिरत नाही. तेथे जोर लावावा की सोडून द्यावे? तसेच रेडिएटरच्या चेपलेल्या पट्टीतील दोन फिन्स नळीपासून सुटून हलत आहेत. त्या पुन्हा चिकटवता येतील का?

प्रतिसाद १

मधला भाग सोडून द्यावा, असे मी स्पष्टपणे सांगतो. हातावर कष्ट घेऊन प्रत्येक फिन उभी करण्याची इच्छा मला समजते, पण शेवटच्या दहा-वीस फिन्ससाठी नळीला धोका पत्करणे योग्य नाही. प्रयत्न करायचाच असेल, तर शिवणाच्या सुईचे मागचे बोथट टोक हवेच्या दिशेने, दोन फिन्सच्या फटीत शिरेल तेवढेच घालून हलकेच उघडून पाहावे. फट मिळाली नाही, तर थांबावे. अशा ठिकाणी फिन कापून काढण्याचा सल्ला काही जण देतात. तो मला मान्य नाही, कारण या पट्ट्या उष्णता नेतात त्याचबरोबर दोन चपट्या नळ्यांमधला आधारही असतात, आणि कापताना नळीचा पृष्ठभाग ओरखडला जाण्याचा संभव फार असतो.

सुटलेल्या फिन्सचे उत्तर रेडिएटर कोणत्या धातूचा आहे, यावर अवलंबून आहे. जुन्या पद्धतीचा तांब्या-पितळेचा रेडिएटर असेल, तर नळ्या पितळेच्या, फिन्स तांब्याच्या आणि जोड डाखाचा असतो. कसबी माणूस तो डाख पुन्हा लावू शकतो. ॲल्युमिनियमच्या रेडिएटरचा जोड मात्र सुमारे ६०० अंशांच्या भट्टीत एकाच वेळी ब्रेझिंगने तयार होतो आणि ॲल्युमिनियम स्वतः ६६० अंशांना वितळते. एवढ्या थोड्या फरकात हाताने ज्योत धरून एखादी फिन जोडायला गेलात, तर शेजारची नळीच वितळेल. चिकटवण्याच्या लेपाने फिन जागेवर राहील, पण उष्णता नीट जाणार नाही. म्हणून सुटलेल्या दोन फिन्स हलून पंख्याकडे जाणार नाहीत एवढे पाहावे आणि तशाच राहू द्याव्यात.

नवीन भाग कधी बसवावा, हा आपला तिसरा प्रश्न राहिला होता. फिन बोटाच्या स्पर्शाने भुकटी होऊन गळत असेल, म्हणजे गंजामुळे धातूच उरला नसेल, तर सरळ करण्याचा प्रश्नच येत नाही. मिठाच्या पाण्याशी संबंध आलेल्या गाड्यांत हे विशेष दिसते. मोठ्या क्षेत्रात फिन्स नळ्यांपासून सुटल्या असतील, तरीही भाग बदलावा. नुसत्या वाकलेल्या फिन्ससाठी मात्र मी कधीही भाग बदलायला सांगत नाही.

प्रतिसाद ५

एक मुद्दा राहून गेला आहे, तो थरांच्या कडांना असलेल्या फोमच्या आणि रबराच्या पट्ट्यांचा. थर सैल करताना त्या फाटतात किंवा बाजूला पडतात आणि पुष्कळ जण त्या निरुपयोगी समजून टाकून देतात. वास्तविक त्या पट्ट्यांमुळेच पंख्याने ओढलेली हवा जाळीतून जाते. त्या नसतील, तर हवा कडेच्या मोकळ्या फटीतून वळसा घालून जाते आणि गाडी उभी असताना इंजिनकडची गरम हवाच पुढे येऊन पुन्हा आत ओढली जाते. धागाकर्त्यांनी उभ्या गाडीत एसी कमी पडतो असे लिहिले आहे, त्यामागे हेही एक कारण असू शकते. कंस पुन्हा बसवण्यापूर्वी सर्व बाजूंच्या पट्ट्या आणि पंख्याभोवतीचा श्राउड (हवेला दिशा देणारे आवरण) तपासून पाहावा, अशी विनंती आहे.

धागाकर्ता

या सूचनेचा फार उपयोग झाला. वरच्या बाजूची फोमची पट्टी निम्मी गळून गेली होती. ती नवीन लावून सर्व बसवले आणि आज पूर्वीएवढाच माल घेऊन त्याच चढावर गाडी नेली. एसी चालू असताना काटा आपल्या नेहमीच्या जागेच्या किंचित वर जाऊन तिथेच स्थिरावला. पंखा दोनदा जोडला गेला आणि प्रत्येक वेळी थोड्या वेळात सुटला. कंडेन्सरमधली साधारण चार बोटांची जागा अजून बंदच आहे आणि ती मी तशीच ठेवली आहे.

घरी आल्यावर इन्फ्रारेड तापमापक रेडिएटरवर धरून वेगवेगळ्या ठिकाणचे तापमान पाहिले. खालच्या भागाचे आकडे एका ठिकाणी फारच कमी आले. तिथे आत नळी बुजली आहे, असे समजावे का?

प्रतिसाद २

एवढ्यावरून तसे समजू नये. चकचकीत ॲल्युमिनियम स्वतःची उष्णता किरणांच्या रूपात फार कमी सोडते आणि भोवतालच्या वस्तूंची परावर्तित करते, त्यामुळे हे उपकरण उघड्या धातूवर बहुधा प्रत्यक्षापेक्षा कमी आकडा दाखवते. आपण नुकतीच जाळी स्वच्छ केली आहे, म्हणजे हा दोष आता अधिकच जाणवेल. इंजिन गार असताना काळ्या, धग सहन करणाऱ्या चिकटपट्टीचे लहान तुकडे दोन्ही टाक्यांवर आणि कडेच्या पट्टीवर ठरावीक अंतराने लावा. इंजिन तापल्यावर पंख्यापासून हात लांब ठेवून त्या तुकड्यांवरच मोजमाप घ्या. तरीही एकच जागा ठळकपणे गार आढळली, तर ते आकडे येथे लिहा. मग कूलंटच्या बाजूने तपासणी कशी करायची, ते सांगतो. तोवर कूलंटचे झाकण गरम असताना उघडू नका, कारण झाकणाखालच्या साधारण १ बार दाबामुळे पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही द्रवरूप राहिलेले असते आणि झाकण सैल होताच ते उसळून अंगावर येते.

धागाकर्ता

चिकटपट्टी लावून मोजले. वरून खाली तापमान हळूहळू उतरत गेलेले दिसते. कालची गार जागा आज कुठेच आढळली नाही. रेडिएटरच्या कोपऱ्यातील चेपलेली पट्टी सरळ करायची बाकी आहे. ती इंटरकूलरच्या मागे असल्यामुळे पुढच्या वेळी थर सैल करीन तेव्हाच हाती घेईन. प्रेशर वॉशर मात्र यापुढे जाळीपासून दूर, चाकांसाठी आणि चॅसिससाठीच वापरणार आहे.